"डू वन" म्हणजे नक्की काय करू? ब्रिटिश लोकांची 'चालता हो' म्हणायची तऱ्हा

पावसाळी_पाहुणा
मंडळी, मँचेस्टरला येऊन सात महिने झाले, इंग्रजी येतं असा समज होता तो शुक्रवारी फुटला. ऑफिसात माझ्या शेजारी बोल्टनचा एक पन्नाशीचा गृहस्थ बसतो, माणूस एकदम भला, दिवसातून तीनदा चहा विचारणार. त्याचं काहीतरी अर्जंट काम चाललं होतं आणि मी आपला दर दहा मिनिटांनी जाऊन झालं का, झालं का, तर स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाला "डू वन, मेट". मी तिथंच उभा. मला वाटलं काहीतरी एक करायला सांगतोय, कामाचं असेल, म्हणून अदबीने विचारलं "वन व्हॉट?" आख्खी रांग हसायला लागली, एक मुलगी तर टेबलावर डोकं टेकवून हसत होती. संध्याकाळी त्यानेच समजावलं की इकडे डू वन म्हणजे "फूट इथून". पण त्यातला "वन" कोण हे त्यालाही सांगता येईना.

तेव्हापासून मोबाईलमध्ये यादी करतोय. एफवाला सोडून आत्तापर्यंत हॉप इट, क्लिअर ऑफ, पुश ऑफ, बझ ऑफ, सॉड ऑफ, बगर ऑफ, बॉग ऑफ, नॅफ ऑफ, जॉग ऑन, ऑन युअर बाईक, स्लिंग युअर हुक, गेट स्टफ्ड, गेट नॉटेड, टेक अ रनिंग जम्प इतके झालेत. शाळेत आपल्याला एकच शिकवलेलं, "गो अवे", ते मी इथे एकदाही कुणाच्या तोंडून ऐकलं नाहीये. तर जाणकारांनो, यातलं रागाचं कुठलं, मस्करीचं कुठलं, आणि कुणाला काय म्हटलेलं चालतं? अजून एकदा रांग हसायला नकोय.

कोल्हापुरी_कांदा
"वन व्हॉट" 😂😂 हसून हसून पुरेवाट. भावा तू तिथंच दंड बैठका काढायला पाहिजे होत्यास, एक तरी.

रातराणी_८८
इंग्लंडात सतरावं वर्ष चालू आहे, त्यामुळे यातलं जवळपास सगळं खाऊन झालंय. डू वन हे मुख्यतः तुमच्या भागातलं, मँचेस्टर लिव्हरपूल पट्ट्यातलं. मी रेडिंगला असते, इथे फारसं कानावर येत नाही. आणि "मेट" लावून, तुमच्याकडे न बघता, काम करता करता म्हटलं म्हणजे राग नाही, "बाबा रे, छळू नकोस" एवढंच. तेच खुर्ची मागे सरकवून, डोळ्यांत बघून, मेट न लावता म्हणाला असता तर मात्र खरंच निघायचं. शब्दापेक्षा खुर्चीकडे लक्ष ठेवा.

शब्दवेडी
मस्त धागा. मला यात गंमत वाटते ती त्या "ऑफ"ची. पुढे क्रियापद कुठलंही टाका, काम सगळं ऑफ करतो, क्रियापद फक्त तिखटपणा ठरवतं. बझ ऑफ म्हणजे लहान मुलांचं गोडं वरण, पुश ऑफ क्लिअर ऑफ म्हणजे साधी फोडणी, सॉड आणि बगर म्हणजे हिरवी मिरची, आणि एफवाला म्हणजे वऱ्हाडी ठेचा (आयडीची माफी मागून).

आपण मराठीत वेगळंच करतो, जाणाऱ्याला पत्ता देतो. खड्ड्यात जा, मसणात जा, उडत जा. (उडत हा पत्ता नाही, वाहन आहे, मान्य.) इंग्रज पत्ता देत नाही. तू इथून सुट, पुढे कुठे जायचं ते तुझं तू बघ.

वऱ्हाडी_ठेचा
माफी कायची मागून राहिल्या ताई, मान दिला तुम्ही.

निवृत्त_नाना
शब्दवेडी, किंचित दुरुस्ती सुचवतो. इंग्रजही पूर्वी पत्ता देत असत. "गो टू जेरिको" ही जुनी म्हण आहे, म्हणजे बायबलातल्या त्या लांबच्या गावाला जा, नजरेआड हो.

मी सध्या लेकीकडे यॉर्कशायरात आलोय, हॅलिफॅक्सपासून जवळच. इथल्या चोर-भिकाऱ्यांची एक जुनी प्रार्थना आहे, हेल, हल आणि हॅलिफॅक्स यांपासून देवा आम्हाला वाचव, अशा अर्थाची. हेल म्हणजे नरक, हल हे बंदराचं गाव, आणि हॅलिफॅक्स का? तर इथे गिलोटिनसारखं एक यंत्र होतं, फ्रेंचांच्या कितीतरी आधीचं. साडेतेरा पेनी किंवा त्याहून जास्त किमतीचा माल चोरला की मुंडकं उडायचं. शेवटचा वापर १६५० साली. आज गिबेट स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर त्या यंत्राची प्रतिकृती उभी आहे, मी काठी टेकत जाऊन बघून आलो. पातं खऱ्यासारखं दिसतं, आणि आजूबाजूला लोक पिशव्या घेऊन बाजारहाट करत असतात. "हॅलिफॅक्सला जा" हे त्या काळी "मसणात जा"पेक्षा फार वेगळं नव्हतं.

कोल्हापुरी_कांदा
नाना जरा जपून, तिकडं साडेतेरा पेनीचं चॉकलेट उचलू नका.

बाकी ऑन युअर बाईक मला लई आवडलं. किक मार आन सूट. बुलेटवर बसवून पाठवतात की राव, आपल्यासारखं उडत नाही.

खवट_खारीक
बुलेट नव्हे हो, सायकल. इथे बाईक म्हटलं की आधी सायकल. आणि या सायकलीला राजकारणाचा वास आहे तो सांगतो. १९८१ साली ब्रिटनमध्ये बेकारी प्रचंड वाढलेली, ब्रिक्स्टनसारख्या भागांत दंगली झालेल्या. ऑक्टोबरमध्ये ब्लॅकपूलला हुजूर पक्षाचं अधिवेशन भरलं, त्यात थॅचरबाईंचे रोजगारमंत्री नॉर्मन टेबिट म्हणाले की तिसाच्या दशकात माझे वडीलही बेकार होते, त्यांनी दंगल नाही केली, ते सायकलवर बसले आणि काम मिळेपर्यंत शोधत राहिले. झालं. ते कुणाला उद्देशून "सायकलवर बसा" म्हणालेच नव्हते, पण लोकांनी ऐकलं ते तेच, कारण ऑन युअर बाईक म्हणजे "चल फूट" हे बोलीत आधीपासून होतं. रोजगारमंत्री बेकारांना "फुटा" म्हणतोय असा त्याचा अर्थ झाला आणि ते वाक्य त्यांना जन्मभर चिकटलं. त्यामुळे इंग्लंडच्या उत्तरेत, जिथे गिरण्या आणि खाणी बंद पडल्या, तिथल्या वयस्कर माणसाला गमतीत ऑन युअर बाईक म्हणायच्या आधी दोनदा विचार करा. बोल्टनच्या गृहस्थांना तर नकोच.

पावसाळी_पाहुणा
बापरे. मी उद्याच म्हणणार होतो. वाचवलंत.

ग्लासगोची_गौरी
स्कॉटलंडला विसरू नका हां. आमच्याकडे "अवे अँड बाइल यर हीड" आहे, म्हणजे जा आणि स्वतःचं डोकं उकळ. किती छान, पत्ताही नाही, वाहनही नाही, थेट रेसिपी. आणि मूर्ख माणसाला ग्लासगोत "रॉकेट" म्हणतात, त्यामुळे "बोल्ट, या रॉकेट" म्हणजे पळ रे येड्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं माझ्या वेगाचं कौतुक होतंय. मी थँक्यू म्हणाले. 🙈

अजून एक, "अवे" हा शब्द नुसता घालवायला नसतो. आश्चर्य वाटलं तरी "अवे!" म्हणतात, यॉर्कशायरात त्याचं "गेरावे" होतं. आपण नाही का, मैत्रिणीने सांगितलं माझं लग्न ठरलं की आपण ओरडतो "चल! जा गं!" आता त्यात तिला घालवायचं नसतं, उलट बस आणि सगळं सांग असं असतं.

शब्दवेडी
गौरी +१००. हे "चल!"चं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बगर ऑफही तसं वापरतात ना? तीस पौंड म्हणाला की "बगर ऑफ!", म्हणजे काहीतरीच काय सांगतोस.

रातराणी_८८
हो, अगदी. पबमध्ये मित्रामित्रांत तर सगळ्यात जास्त तसंच.

मॉडरेटर
धागा छान चाललाय. एफवाला शब्द देवनागरीत लिहिला, मधे चांदण्या टाकून लिहिला किंवा उलटा लिहिला तरी उडवला जाईल. काल तीन प्रतिसाद उडवले आहेत.

वऱ्हाडी_ठेचा
तीनपैकी दोन माहे होते. जाऊ द्या.

पन हे बगर म्हंजे नेमकं काय हो? आमचा गोरा मॅनेजर कॉफी सांडली तरी बगर म्हन्ते.

शब्दवेडी
याचा प्रवास भारी आहे. मूळ आहे बल्गेरिया! मध्ययुगात तिथे बोगोमिल नावाचा पंथ होता, चर्चने त्यांना पाखंडी ठरवलं. लॅटिनमध्ये बल्गेरियन माणूस म्हणजे बल्गारुस, त्याचं जुन्या फ्रेंचमध्ये बूग्र झालं आणि अर्थ झाला पाखंडी. पाखंड्यांवर हमखास चिकटवायचा आरोप म्हणजे अनैसर्गिक संबंधांचा, तो अर्थ घेऊन शब्द इंग्रजीत उतरला. सॉड तसाच, सॉडमाइटचं अर्धं तुटलेलं, मूळ बायबलातलं सदोम गाव. म्हणजे एका देशाचं आणि एका गावाचं नाव रोज घेतलं जातंय आणि म्हणणाऱ्याच्या गावीही नसतं. तुमच्या मॅनेजरला कॉफी सांडल्यावर बल्गेरिया थोडाच आठवतोय.

रातराणी_८८
धागाकर्त्याचा मूळ प्रश्न राहूनच गेला, कुठलं किती तिखट. त्याला अधिकृत उत्तर आहे. इथे ऑफकॉम म्हणून नियामक संस्था आहे, टीव्ही-रेडिओवर लक्ष ठेवते, आणि रात्री नऊच्या आधी मुलं टीव्ही बघत असतात म्हणून काय चालेल काय नाही ते पाहते. त्यासाठी लोकांना विचारून शिव्यांची चक्क प्रतवारी करतात, हापूससारखी. २०१६च्या अहवालात बगर आणि सॉड ऑफ सौम्य गटात होते, ब्लडी आणि डॅमच्या शेजारी. पीवाला त्याच्या वरच्या मध्यम गटात, आणि एफवाला सगळ्यात वर. म्हणजे सॉड ऑफने नोकरी जात नाही, पण पहिल्याच महिन्यात साहेबाला म्हणायचाही नाही.

आणि नॅफ ऑफ कुठून वर आलं ते सांगते. पॉरिज नावाची बीबीसीची विनोदी मालिका होती, १९७४ ते १९७७, तुरुंगातल्या कैद्यांवर. आता कैदी म्हटल्यावर शिव्या देणारच, पण बीबीसीवर खऱ्या शिव्या चालणार नाहीत, मग लेखकांनी नॅफ ऑफ वापरलं. शब्द त्यांनी शोधला नव्हता, आधीपासून होता, पण घराघरांत पोचवला यांनी. माझ्या सासऱ्यांना (इंग्रजच आहेत) अजून सगळे भाग पाठ आहेत. आणि १९८२ साली बॅडमिंटनच्या घोड्यांच्या शर्यतीत राजकन्या ॲन पाण्यात पडली, फोटोवाले धावले, तर ती त्यांना "नॅफ ऑफ" म्हणाली असं पेपरात छापून आलं.

खवट_खारीक
शर्यत नव्हे, अश्वारोहणाची स्पर्धा. बॅडमिंटन हॉर्स ट्रायल्स. आणि ती खरंच नॅफ म्हणाली की पेपरवाल्यांनी एफचा नॅफ करून छापला यावर इथले लोक अजून पैज लावतात.

रातराणी_८८
बरं स्पर्धा. झालं समाधान?

खवट_खारीक
हो. 🙂

निवृत्त_नाना
स्लिंग युअर हुक बद्दल कुणी बोललं नाही. एकोणिसाव्या शतकापासून हा प्रयोग आहे. हुक कुठला यावर एकमत नाही, कुणी जहाजाचा नांगर म्हणतं, कुणी गोदी कामगाराचा आकडा, कुणी खाणकामगाराचा कपडे अडकवायचा आकडा. जो काही असेल तो, तुझं हत्यार खांद्यावर टाक आणि चालू लाग, हा भाव.

मला हे वाचताच "गाशा गुंडाळ" आठवलं. गाशा म्हणजे घोड्याच्या पाठीवर खोगिरावर घालायचं कापड. मुक्काम हलला की तो गुंडाळायचा. आज घोडा नाही, खोगीर नाही, गाशा कुणी पाहिलेला नाही, तरी दुकान बंद पडलं की गाशा गुंडाळला असंच म्हणतो. त्यांचा आकडा तसाच, वस्तू गेली, हाकलणं राहिलं.

कोल्हापुरी_कांदा
नाना एक नंबर 🙏 आणि आमच्याकडं "चंबूगबाळं आवर" पण हाय. कंपनीतनं काढलं तर नारळ देत्यात. नारळ देऊन घालवायचं हे फक्त आपल्याला जमतं, इंग्रज काय देतो, तर हुक.

देवळाली_कॅम्प
नाशिकहून वाचतोय. जहाज आणि गोदीचं आलंच आहे तर आमच्या गावाचं सांगितल्याशिवाय राहवेना. ब्रिटिश सैनिकांची मुदत संपली की त्यांना देवळालीच्या छावणीत आणून ठेवायचे, इथून मुंबई, मग बोट, मग घर. पण बोटी साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच निघायच्या. ज्याची मुदत उन्हाळ्यात संपली तो बसला महिनोन्महिने इथे, काम नाही, कवायत नाही, ऊन, दारू, मलेरिया. माणसं भ्रमिष्ट व्हायची. त्याला सैनिक म्हणायला लागले "डूलाली टॅप". डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. आजही इंग्लंडात कुणी येडबडला की "ही'ज गॉन डूलाली" म्हणतात आणि त्यांना माहीत नसतं की हे रेल्वेचं स्टेशन आहे.

म्हणजे बघा, सरकारने सांगितलं जा, पण जायला बोट नाही. याच्यासारखं "चालता हो" दुसरं नसेल.

सैन्यातले आणखी दोन. जल्दीचं "जिल्डी" करून घेतलं, हलव पाय अशा अर्थी. आणि पहिल्या महायुद्धात इजिप्तला होते तिथून "इम्शी" उचललं, अरबीत चालू लाग. फेरीवाल्यांना हाकलायला वापरायचे.

पावसाळी_पाहुणा
काय सांगता! माझी मामी देवळालीची. तिला आजच फोन करतो. (मामीला हे सांगावं की नाही तो वेगळा प्रश्न.)

खवट_खारीक
सगळे इंग्रजांनी कुणाला काय म्हटलं तेच लिहितायत. त्यांना सगळ्यात मोठ्यांदा "चालते व्हा" कुणी म्हटलं? आपण. आणि तेही त्यांच्याच भाषेत. ३ फेब्रुवारी १९२८ला सायमन कमिशन मुंबई बंदरात उतरलं, सातच्या सात सदस्य गोरे, एकही भारतीय नाही, आणि स्वागताला घोषणा "सायमन गो बॅक". घोषणेचं श्रेय समाजवादी नेते युसुफ मेहेरअलींना देतात. पुढे १९४२ला गवालिया टँकवर गांधीजींनी "क्विट इंडिया" दिलं, ते दोन शब्दही मेहेरअलींचेच म्हणतात, तेव्हा ते मुंबईचे महापौर होते. मराठीत आपण त्याला "चले जाव" म्हणतो, जे धड मराठीही नाही, पण "निघून जा चळवळ" कुणी म्हणून बघा, तोंडात बसत नाही.

ग्लासगोची_गौरी
"बोल्ट या रॉकेट चळवळ" 😂

शब्दवेडी
गौरी 😂😂 सायमनसाहेबांना तेच म्हणायला हवं होतं.

निवृत्त_नाना
खारीकराव, त्यांनी स्वतःच्या लोकांनाही सोडलेलं नाही. २० एप्रिल १६५३ला त्यांचा सेनापती क्रॉमवेल सैनिक घेऊन पार्लमेंटात घुसला आणि सभासदांना हाकललं, फार दिवस बसलात, देवाशपथ चालते व्हा, अशा थाटात. ७ मे १९४०ला लिओ अमेरी यांनी तेच शब्द भर सभागृहात स्वतःच्याच पक्षाच्या पंतप्रधान चेंबरलेनना ऐकवले, तीन दिवसांत चेंबरलेन गेले. जानेवारी २०२२मध्ये खासदार डेव्हिड डेव्हिस यांनी पुन्हा तेच स्वतःच्याच पक्षाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सनना म्हटलं. ते मात्र सप्टेंबरपर्यंत टिकून होते. पहिल्या खेपेला तलवारी होत्या, त्याचा परिणाम जास्त.

हे अमेरी म्हणजे चले जावच्या वेळचे भारतमंत्री. दोन वर्षांपूर्वी जे स्वतः म्हटलं ते त्यांना आमच्याकडून ऐकावं लागलं.

खवट_खारीक
नाना, हे माहीत नव्हतं. दंडवत.

रातराणी_८८
पाहुणे, आता खरं महत्त्वाचं ऐका. ही तुमची यादी आहे ना, यातल्या कशालाच घाबरू नका. इंग्रज सॉड ऑफ म्हणतो तेव्हा तुम्ही त्याला आपले वाटता. घाबरायचं ते गोड वाक्यांना. पबवाला घंटा वाजवून "घरदार नाहीये का तुम्हाला" म्हणतो ते सोपं, सगळ्यांना कळतं. पण घरी गेलात आणि यजमानांनी दोन्ही हातांनी मांड्यांवर थाप मारून "राइट!" म्हटलं की तुमची भेट संपली, कप अर्धा असला तरी उठायचं. "इट्स बीन लव्हली", संपली. आणि सगळ्यात कातिल म्हणजे "वेल, आय वोन्ट कीप यू". याचा शब्दशः अर्थ तुम्हाला अडवत नाही, किती काळजी वाटते ना माझी. खरा अर्थ, मला आत जायचंय, तुम्ही निघा. माझी सासू फोनवर हेच म्हणायची आणि मी पहिली दोन वर्षं "नाही नाही आई, मला वेळ आहे" म्हणून पुढे अर्धा तास बोलायचे.

वऱ्हाडी_ठेचा
आपल्याकडं "या मग" म्हन्ते ना, तसंच झालं हे. म्हनायचं या, अन् धाडायचं बाहेर.

पावसाळी_पाहुणा
थांबा थांबा.

माझ्या शेजारी एक ब्याऐंशी वर्षांच्या आजी राहतात. दर मंगळवारी कचऱ्याचे डबे बाहेर काढताना भेटतात. दोन मिनिटं हवापाणी झालं की म्हणतात "वेल, आय वोन्ट कीप यू, लव्ह", आणि मी, मला वाटायचं बिचाऱ्या एकट्या असतात, त्यांना संकोच वाटतोय, म्हणून मी दर वेळी "नो नो, आय ॲम टोटली फ्री" म्हणून आणखी वीस मिनिटं उभा राहतो. जानेवारीत सुद्धा. पावसात सुद्धा. गेल्या मंगळवारी त्या हे चार वेळा म्हणाल्या. मी प्रत्येक वेळी नवीन विषय काढला.

सात महिने.

ग्लासगोची_गौरी
अरे देवा 😭 आजी घरात घालायच्या स्लिपरमध्ये असतात ना?

पावसाळी_पाहुणा
हो.

निवृत्त_नाना
माझी लेक आत्ता हे वाचून जमिनीवर बसली आहे.

पावसाळी_पाहुणा
उद्या मंगळवार आहे. डबे काढावेच लागतात, आजी असणारच. आता मी नक्की काय करू?

कोल्हापुरी_कांदा
डू वन.